एंडेव्हरचा चौथा पंप

२९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघालेली ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेल्या या नौकेला इंजिन नाही. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असून फटी नैसर्गिक राळेने बुजविल्या आहेत. तिच्या शिडांविषयी व शिलाईविषयी पुष्कळ लिहिले गेले. लाकडी नौका मात्र खिळ्यांची असो वा शिवलेली, थोडे पाणी आत घेतेच. ते तळाशी, कण्यालगतच्या पोकळीत साचते. खलाशी त्या जागेला ‘बिल्ज’ म्हणतात. तिथले पाणी बाहेर काढण्याच्या साधनांचा इतिहास नौकानयनाइतकाच जुना, पण फारच कमी सांगितला जाणारा आहे.

आरंभ अर्थातच ओंजळीने, करवंटीने आणि बादलीने झाला. सिराक्यूजच्या प्रचंड ‘सिराकुसिया’ जहाजातील पाणी आर्किमिडीजच्या मळसूत्राने एकटा माणूस उपसू शके, असे प्राचीन ग्रीक लेखक अथेनियस नोंदवतो. रोमन जहाजांत लाकडी चकत्या ओवलेले साखळी-पंप होते. हेच तत्त्व सुधारून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश नौदलाने आपल्या युद्धनौकांसाठी वापरले.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद रात्र जून १७७० मधील आहे. जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. जहाजावर चार पंप होते, पण प्रत्यक्ष संकटात तीनच चालले. चौथा काही केल्या सुरू होईना. तोफा व इतर जड सामान समुद्रात टाकून, सर्वांनी पाळीपाळीने पंप हाणून, सुमारे तेवीस तासांनी जहाज तरंगते झाले. नंतर आणखी एक गोंधळ घडला. बिल्जमधील पाण्याची खोली मोजणारा माणूस बदलला. पहिला आतल्या फळ्यांपासून माप घेत होता, दुसऱ्याने बाहेरच्या फळीपासून घेतले. सोळा-अठरा इंचांचा फरक आला, आणि पाणी पंपांवर मात करते आहे असे वाटून जहाजावर भीती पसरली. चूक उमगताच माणसे दुप्पट जोमाने कामाला लागली. पुढे लोकर व दोराचा चुरा लावलेले शीड बाहेरून भोकावर ओढून घेतले, तेव्हा एका पंपाने भागू लागले. जहाज किनाऱ्याला लावून पाहिले, तर भोकात प्रवाळाचा मोठा तुकडाच अडकून बसला होता. तो निखळला असता तर तीन पंपही अपुरे ठरले असते.

पंपाची मर्यादा समजण्यास टॉरिचेलीचे सतराव्या शतकातील सूत्र पुरेसे आहे. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे १७० लिटर, म्हणजे तासाला दहा हजार लिटर पाणी आत येते. लहान होडीत बसविला जाणारा विजेचा पंप बहुधा तासाला दोन-चार हजार लिटरचा असतो, आणि तो आकडाही पाणी वर चढवावे लागत नाही असे धरून छापलेला! नळीची उंची, वळणे व उतरलेली बॅटरी यांनी तो आणखी घटतो. म्हणून पंप निवडताना गरजेहून बराच मोठा घ्यावा, आणि तरीही तो भोक बुजवायला सवड देतो एवढेच मानावे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचे प्राण घेतले. आज खोल समुद्रातील शिडाच्या शर्यतींचे नियम हाताने चालणारे दोन पंप मागतात. त्यांपैकी एक सर्व झाकणे बंद असतानाही वरून चालवता आला पाहिजे. शिवाय दोर बांधलेल्या दोन भक्कम बादल्या! बादली अजून निवृत्त झालेली नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर या विद्येची दरवर्षी परीक्षा होते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत वर ओढलेल्या लाकडी होडीच्या फळ्या सुकतात, सांधे उघडतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ती पाण्यात लोटली की लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत काही दिवस उपसा चालतो. फायबरच्या होड्यांना हा त्रास नाही, पण पंख्याच्या शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून पाणी ठिबकतेच. विजेचा पंप बिघडतो तो क्वचितच मोटारीमुळे. जाळ्याचा धागा, खवले, लाकडाची ढलपी जाळीत अडकते; तेलकट गाळाने तरंगता स्विच चिकटून बसतो; खाऱ्या हवेने तारेचा जोड हिरवा पडतो. हातपंपाचा रबरी पडदा न वापरताच तडकतो. आडव्या फासळ्यांच्या बुडाशी ठेवलेली भोके गाळाने बुजली, तर पाणी पंपापर्यंत पोहोचतच नाही. बाहेरचे तोंड पाण्याच्या पातळीजवळ असले, तर पंप थांबल्यावर त्याच नळीतून समुद्र उलट आत शिरतो. म्हणून नळीला पातळीच्या बऱ्याच वर उंच वळण द्यावे लागते.

हे सारे तपासायला पाच मिनिटे पुरतात. होडी सोडण्यापूर्वी तळात दोन बादल्या पाणी ओतावे, स्विच आपसूक उचलला जातो का ते पाहावे, आणि बाहेरच्या तोंडातून येणारी धार डोळ्यांनी पाहावी, कारण मोटारीचा नुसता आवाज रिकाम्या पंपातूनही येतो.