कुकडनेरची कोरीव वाट

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यापासून डोंगराकडे पाहिले की कड्याच्या माथ्यावर एक अंगठा उभा दिसतो. तो नानाचा अंगठा. त्याच्या शेजारीच सह्याद्रीची भिंत चिरलेली आहे आणि त्या चिरेतून दगडी पायऱ्यांची वाट वर चढते. हाच नाणेघाट. माथ्यावर घाटघर लागते. तिथे जीवधन किल्ला उभा आहे आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. पश्चिमेला कोकण खोल पसरलेले, तर पूर्वेला कुकडी नदीचे खोरे हळूहळू उतरत जाते. या खोऱ्याचे जुने नाव कुकडनेर. मावळतीच्या वाऱ्याला वर यायला हीच फट मिळते, म्हणून भर पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी उलट्या दिशेने वर उडताना दिसते. ते बघायला हल्ली मोठी गर्दी होते. त्याच फटीतून दोन हजार वर्षांपूर्वी बैलांचे आणि गाढवांचे तांडे वर येत होते.

घाटाच्या तोंडाशी एक कोरीव दालन आहे. चौरस, सुमारे 29 फूट लांबी-रुंदीचे. त्यात देव नाही, स्तूपही नाही. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज पुतळे गेले आहेत, फक्त पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. सिमुक सातवाहन, नागनिका राणी आणि तिचा पती सातकर्णी, राजकुमार, शिवाय महारठी त्रणकयिर. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा तो मानला जातो. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन, मग अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची यादी, आणि प्रत्येक यज्ञाबरोबर दिलेली दक्षिणा. एका ठिकाणी 24,400 कार्षापण नाणी, दुसरीकडे 10,001 गायी.

हे आकडे अक्षरांत नाहीत, चिन्हांत कोरलेले आहेत. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात नाणेघाटाला जे स्थान आहे ते याच चिन्हांमुळे. कर्नल विल्यम साइक्सने 1828 मध्ये हा लेख पाहिला. पण त्यातले अंक आणि पुतळ्यांवरची नावे नीट उलगडली ती जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींनी. शिळेवरून हात फिरवत, ठसे घेत, पायी हिंडत काम करणारा हा अभ्यासक 1888 मध्ये गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव फारसे भेटत नाही, हे खटकणारेच आहे.

राजघराण्याने आपली ओळख राजधानीत नव्हे, तर घाटाच्या तोंडाशी का कोरून ठेवली असेल? उत्तर वाटेतच आहे. कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला चढे आणि पुढे पैठण-तेरकडे जाई. दालनाजवळ उभा असलेला दगडी रांजण जकातीचा असल्याचे लोक सांगतात. ते खरे असो वा नसो, येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी दालनासमोरून जात होता आणि राज्य कोणाचे हे त्याला भिंत सांगत होती.

हाच माल आणि हाच पैसा खाली खोऱ्यात उतरला की लेण्यांत दिसू लागतो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा असे त्यांचे गट. वर घाटात यज्ञ करणारी राणी, खाली बौद्ध भिक्खूंचे विहार, आणि दोन्हींना जोडणारी एकच व्यापारी वाट. लेणी म्हणजे जगापासून तुटलेल्या विरक्तांची जागा, ही समजूत जुन्नरमध्ये टिकत नाही. इथली लेणी बाजारपेठेच्या वेशीवर आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर बाजारातल्या माणसांचीच नावे आहेत.

लेण्याद्रीचे उदाहरण घ्या. कुकडीच्या खोऱ्याकडे तोंड करून डोंगराच्या कुशीत एका रांगेत लेणी खोदली आहेत. त्यातले चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान, असे शिलालेख सांगतो. त्याच्या वडिलांची ओळख ‘हेरणिक’, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. घाटाखालच्या बंदरातला पैसा घाटावरच्या कातळात गुंतवला गेल्याचा हा सरळ पुरावा. शेजारच्याच मोठ्या विहारात आज गिरिजात्मज बसला आहे. अष्टविनायकांतला हा गणपती डोंगरात कोरलेल्या दालनात आहे, आणि दर्शनाला गेलेला भाविक नकळत भिक्खूंच्या खोल्यांच्या मधोमध उभा असतो. तुळजा लेण्यात भवानी आहे, शिवनेरीवर शिवाई. एका श्रद्धेने सोडलेली जागा दुसरीने झाडून-पुसून वापरात ठेवली, म्हणून त्यातले बरेच कोरीवकाम वाचले.

दानांच्या यादीत यवनही, म्हणजे ग्रीक म्हणून ओळखले जाणारे परदेशीही आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, तर चंद याने मानमोडीवरच्या लेण्याला दान दिले. त्या लेण्याच्या दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्यांमध्ये गजलक्ष्मी कोरली आहे, आत मात्र काम अपुरे राहिले. क्षत्रप नहपानाचा मंत्री अयम यानेही मानमोडीवर टाके आणि मंडप दिला. त्या लेखात 46 हा वर्षांक आहे.

पण या सगळ्यांत जिवंत वाटतात ते श्रेणींचे लेख. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. दात्याने रक्कम किंवा जमिनीचे उत्पन्न त्यांच्याकडे ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून लेण्यांचा खर्च चालवायचा, अशी व्यवस्था. एका लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींवरच्या दराचा हिशेब आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. अधुथुम नावाच्या शक उपासकाने दोन गावांतल्या जमिनीचे उत्पन्न कोणाचिक श्रेणीकडे सोपवले. वडालिकेची 20 निवर्तने (जमीन मोजण्याचे जुने माप) करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतकाची 9 निवर्तने वडाच्या झाडांसाठी. उघड्या माळावर, भर उन्हाच्या या प्रदेशात, एका परदेशी वंशाच्या माणसाने झाडांची कायमची तरतूद करून ठेवली! राजांच्या यादीपेक्षा हा एक लेख या खोऱ्याबद्दल अधिक सांगतो.

एवढे खोदकाम इथेच का झाले, याचे उत्तर खडकात आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा कातळ तयार झाला. काही थर भरीव आणि कठीण, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, छिन्नीला नरम. हडसर, चावंड, शिवनेरी यांचे ताठ कडे भरीव थरांनी उभे ठेवले. लेणी कोरणारा कारागीर डोंगर पारखूनच हातोडा उचलत असे. तुळजा लेण्यातले गोल चैत्यगृह पाहावे. बारा अष्टकोनी खांबांच्या कड्यात स्तूप, आणि वर घुमटाकार छत. भारतातल्या जुन्या लेण्यांत असा आराखडा विरळा आहे.

माणसाने छिन्नीने जे केले, ते नदीनेही खाली निघोजला केले आहे. पारनेर तालुक्यातले निघोज आणि पलीकडचे शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी यांच्यामधून कुकडी काळ्या कातळात खोल शिरते. तळाशी गोल, गुळगुळीत, माणूस उभा मावेल असे खळगे पडले आहेत. रांजणखळगे हे त्यांचे नाव अचूक आहे. पुराच्या पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात, खडक घासतात आणि आपली खळी खोल करत जातात. शेजारीच मळगंगेचे देऊळ आहे.

आणखी मागे जायचे, तर जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ थांबावे लागते. तिथे कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच परिसरात अश्मयुगातली दगडी हत्यारे. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. पण ती 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावरून अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. यवन आणि शक इथे येण्याच्या हजारो वर्षे आधी या काठावर माणूस हत्यारे घडवत बसला होता, एवढे मात्र त्या वादातही निश्चित आहे.

आज कुकडी माणिकडोहच्या धरणात अडवली जाते, आणि तिच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला पिकतो. पूर गावातल्या कुकडेश्वराच्या जुन्या देवळाजवळ तिचा उगम आहे आणि पुढे ती घोडनदीला मिळते. नाणेघाट, लेण्याद्री, निघोज ही तीन ठिकाणे वेगवेगळ्या सहलींत उरकली जातात, आणि त्यामुळे खोरे एकसंध दिसत नाही. वाटेच्या क्रमाने पाहिले तर दिसते.

नाणेघाटाला जाणाऱ्यांनी धबधब्याआधी त्या दालनात शिरावे. लेखावर खडू फिरवू नये, अक्षरे उठून दिसावीत म्हणून पाणी मारू नये, मुक्कामाला आत चूल पेटवू नये. दोन हजार वर्षे टिकलेला तो मजकूर अजूनही हाताच्या अंतरावर आहे आणि त्यातल्या कित्येक ओळी आधीच झिजून गेल्या आहेत.