अध्यापनाची साधने आणि आपला विद्यार्थी : नागपूरच्या अनुभवातून

महाविद्यालयीन अध्यापनात एखादे नवे तंत्रसाधन आले की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. काहीजण म्हणतात, आता ज्ञान घरोघरी पोहोचेल. काहीजण म्हणतात, गुरूची जागा यंत्र घेऊ शकणार नाही. या दोघांनाही एक प्रश्न पडत नाही, कारण तो त्यांच्या जगण्यातून आलेला नाही. साधन तयार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी म्हणून कोण बसला होता? शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा इतिहास यंत्रांच्या यादीने लिहिला जातो. तो या प्रश्नाने लिहिला तर काय दिसते, हे नागपूरपुरते तपासून पाहावे, एवढाच येथे उद्देश आहे.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघाले, मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये. विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्या काळात अध्यापनाची साधने दोनच होती, फळा आणि प्राध्यापकाचा आवाज. प्राध्यापकाने सांगायचे आणि विद्यार्थ्याने उतरवून घ्यायचे. ही पद्धत वरवर सर्वांना सारखी वाटते. पण ज्याच्या घरी थोरल्या भावाच्या वह्या आहेत, वडील वकील आहेत, त्याचे तासाला लक्ष नसले तरी चालते. ज्याच्या घरात तो पहिलाच कॉलेजात आलेला आहे, त्याच्याजवळ फक्त त्याचा कान असतो. तास चुकला की विषय चुकला. हंटर कमिशनपुढे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी पैशाचा हिशेब मांडला होता. शेतकऱ्यांच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. हाच हिशेब वर्गाच्या आतही चालू होता.

बाबासाहेबांनी १९२४-२५ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीच्या प्रश्नावलीला उत्तरे दिली. त्यांचा आशय आजही ताजा आहे. विद्यापीठीय शिक्षण म्हणजे डोक्यात माहिती भरणे नव्हे. विद्यार्थ्याची स्वतंत्र बुद्धी जागी व्हावी आणि प्रमाण मानल्या गेलेल्या लेखकांकडेही चिकित्सेने पाहण्याची त्याला सवय लागावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे आलेल्या प्रत्येक साधनाला ही कसोटी लावता येते. ते माहिती ओतते की विद्यार्थ्याला प्रश्न विचारू देते?

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. कॉलेजांत दृक्‌श्राव्य साधने येण्याच्या कितीतरी आधी नागपूरच्या अस्पृश्य समाजाने स्वतःचे एक साधन हाती घेतले होते. किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली आणि १९१० पासून स्वतःची नियतकालिके छापण्यास सुरुवात केली. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. अक्षर छापण्याचे यंत्र कोणाच्या हातात आहे याला काय अर्थ असतो, हे बनसोडे पक्के ओळखून होते.

१९५६ च्या धर्मांतरानंतर नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून कॉलेजात येणाऱ्या मुलांचा ओघ वाढला. दीक्षाभूमीवर १९६४ साली डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले. ही मुले भंडारा, चांदा, वर्धा येथील खेड्यांतून येत, आणि त्यांची पहिली अडचण भाषेची होती. नागपूर विद्यापीठाने मराठी-हिंदी माध्यम इतरांच्या मानाने लवकर स्वीकारले होते. परंतु माध्यम मराठी आणि पुस्तके इंग्रजी, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली.

कोठारी आयोगानंतर, १९६८ च्या सुमारास, केंद्र सरकारने प्रादेशिक भाषांत विद्यापीठीय ग्रंथ काढण्यासाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची योजना आखली. महाराष्ट्रात त्यासाठी जे मंडळ निघाले, ते नागपुरात. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ. तंत्रविज्ञानाच्या चर्चेत या मंडळाचे नाव कोणी घेत नाही, कारण पुस्तकाला कोणी यंत्र म्हणत नाही. पण विचार केला तर सत्तरीच्या दशकात आपल्या विद्यार्थ्याच्या हाती आलेले सर्वांत प्रभावी अध्यापन-साधन तेच होते. पुस्तक ग्रंथालयातून घरी नेता येते. न कळलेले पान पाच वेळा वाचता येते. कंदिलाच्या उजेडातही ते चालते. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय मंडळामुळे मराठीत आले.

तरीही येथे एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. मंडळाची मराठी कोणाची मराठी होती? पारिभाषिक संज्ञा संस्कृतातून घडवल्या गेल्या. इंग्रजी शब्द कळत नाही म्हणून मराठी पुस्तक उघडावे, तर तेथे 'सीमांत उपयोगिता' आणि 'अभिवृत्ती' उभ्या. ज्यांच्या घरात संस्कृत उच्चारली जात होती त्यांना हे शब्द अर्धे ओळखीचे होते. आमच्या मुलाला ते इंग्रजीइतकेच परके. मग तो गाईडाकडे वळे. गाईडाची टिंगल प्राध्यापकवर्गाने पुष्कळ केली आहे. पण त्याच्या मालकीचे एकमेव पुस्तक पुष्कळदा तेच असे, आणि त्याच्या भाषेच्या जवळचेही तेच असे. हे टिंगल करणाऱ्यांनी कधी लक्षात घेतले नाही. मंडळाची पुस्तके आज जुन्या ग्रंथालयांच्या मागच्या कपाटांत सापडतात.

नंतर पडदा आला. इन्सॅट-१ब या उपग्रहाच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले. त्यासाठी देशात निर्मितिकेंद्रे निघाली, त्यांतले एक पुणे विद्यापीठात होते. लहान गावांतल्या पदवी-विद्यार्थ्याला उत्तम शिक्षण घरबसल्या मिळावे, हा जाहीर हेतू होता. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण कार्यक्रम प्रामुख्याने इंग्रजीत होते, सुरुवातीला त्यांतले बरेच परदेशातून आणलेले होते, आणि वेळ दुपारची, म्हणजे ऐन तासांची. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली आणि शाळेतल्या मुलांसाठी मराठी कार्यक्रम करू लागली. म्हणजे शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, अशी विभागणी उपग्रहावरही झाली! मराठी माध्यमाचे मूल बारावीनंतर आपोआप इंग्रज होते, असा नियोजनकर्त्यांचा समज असावा.

प्रस्तुत लेखक तेव्हा नागपुरातल्या एका महाविद्यालयात बी.ए.ला होता. कॉलेजचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी कॉलेजे पुष्कळ होती. दूरदर्शन संच लाकडी कपाटात कुलूपबंद असे, आणि किल्ली हेडक्लार्ककडे. वर्षभरात तो आमच्यासाठी दोनदा उघडला गेला, त्यातला एक दिवस तपासणीचा होता. पडद्यावर ज्वालामुखी दिसत होता. लाव्हा उतरत होता. शेजारी बसलेला पवनीकडचा मित्र हळूच म्हणाला, "चित्र तं दिसून राहिलं, पण हा सांगून काय राहिला बे?" तासाचे प्राध्यापक मागे उभे होते. त्यांनी मध्ये बोलून ते मराठीत सांगितले असते तर तो तास आम्हाला जन्मभर पुरला असता. परंतु यंत्र बोलत असताना माणसाने बोलायचे नाही, अशी तेव्हाची समजूत होती. आणि कार्यक्रम थांबवता येत नव्हता. वर्गातल्या शिक्षकाला निदान हात वर करून थांबवता तरी येते, हिंमत असेल तर.

याच काळात इंदोरा, पाचपावली या वस्त्यांत दुसरे एक यंत्र घरोघर वाजत होते. कॅसेट-प्लेअर. भीमगीतांच्या, भाषणांच्या कॅसेट्स चहाच्या टपरीवर, रिक्षास्टँडवर, लग्नाच्या मांडवात लागत. निरक्षर बाईसुद्धा महाडचा सत्याग्रह आणि पुणे करार यांचा तपशील गाण्यातून सांगत असे. ध्वनिफीत मागे नेता येत होती, पुन्हा ऐकता येत होती, शेजाऱ्याला देता येत होती. तेच यंत्र कॉलेजच्या भाषा-प्रयोगशाळेत इंग्रजी उच्चार शिकवण्यासाठी ठेवलेले होते, आणि त्यावर धूळ होती. वस्तीतल्या यंत्राला कोणी शैक्षणिक तंत्रविज्ञान म्हटले नाही. त्याला अनुदानही नव्हते.

छापील अक्षराचेही असेच झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढण्यास प्रारंभ केला. त्यांचे संपादक वसंत मून हे नागपूरच्याच वस्तीत वाढलेले. हे खंड स्वस्त होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांची जी रांग लागते, तीत ते आणि असंख्य लहान पुस्तिका विकल्या गेल्या. एम.ए.च्या अभ्यासक्रमात ज्या विचारवंताला जागा नव्हती, त्याचे ग्रंथ शेतमजूर पिशवीत घालून गावी नेत होता. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाले आणि त्याने मराठीतून, विद्यार्थ्याने एकट्याने वाचावीत अशी पुस्तके लिहवून घेतली. नोकरी करणाऱ्या, शाळा सुटलेल्या पुष्कळांना त्याचा उपयोग झाला. पण दीक्षाभूमीवरची ती रांग मुक्त विद्यापीठाच्या किती आधीपासून चालू होती!

पुढची तीस वर्षे झपाट्याने सांगता येतील. संगणक आला, प्रोजेक्टर आला, २०१७ मध्ये 'स्वयम्' आले. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय आढळली, संगणक ४.४ टक्क्यांकडे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळे अध्यापन या आकड्यांवर येऊन टेकले.

प्रस्तुत लेखक तोवर स्वतः इतिहास शिकवू लागला होता. पहिले दोन महिने थेट तास घेतले. साठांच्या वर्गात अकरा-बारा चेहरे दिसत, तेही गोठलेले. गडचिरोलीकडच्या एका विद्यार्थिनीने निरोप पाठवला, "सर, तास नका घेऊ, आवाज पाठवा. छोटे छोटे. रात्री नेट मिळते तेव्हा उतरवून घेते." मग वीस-वीस मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून पाठवू लागलो. संज्ञा आली की आधी बोलीत सांगायची, मग पुस्तकी शब्द. मुले धान रोवणीहून परत आल्यावर ते ऐकत, न कळलेले पुन्हा ऐकत. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारी मुले लेखी प्रश्न पाठवू लागली, कारण आता हसणारे कोणी नव्हते. वर्षानुवर्षे वस्तीत जे कॅसेट करत होती ते कॉलेजला समजायला एक साथ यावी लागली.

फुल्यांच्या १८८२ च्या निवेदनावरचे बोलणे पाठवले तेव्हा त्याच मुलीने विचारले, "सर, फुल्यांनी सरकारला पैशाचा हिशेब विचारला. आपल्या कॉलेजात संगणकांची खोली आहे, ती तीन वर्षांत मी एकदाच उघडी पाहिली. तिचा हिशेब कोणाला विचारायचा?" मी सांगितले, प्राचार्यांना, आणि लेखी. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर तिने अर्ज लिहिला, वर्गातल्या सतरा जणांच्या सह्या घेतल्या. आता ती खोली आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते पाच, उघडी असते.