फ्रान्सिस डे : हिंदुस्थानच्या माशांचा अभ्यासक

१/ हिलसा समुद्रात वाढतो. अंडी घालण्यासाठी मात्र नदीत वर चढतो. तमिळ प्रदेशातील कोलेरून नदीवर सिंचनाचे बंधारे झाले आणि त्याची वाट अडली. १८६०च्या दशकाअखेर याची तपासणी मद्रास लष्करातील एका शल्यचिकित्सकाकडे आली : फ्रान्सिस डे (१८२९-१८८९).

२/ १८५२मध्ये रुजू झालेल्या डे यांनी १८६५मध्ये मलबारच्या माशांवर ग्रंथ लिहिला होता. बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवावी, असे त्यांनी सुचवले. पुढे ते हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले.

३/ गोड्या पाण्यातील मासेमारीवरील त्यांचा अहवाल १८७३चा. त्यासाठी गावोगावच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवली गेली. निष्कर्ष एकच : बारीक जाळी व विषप्रयोग यांमुळे पिल्लेच नष्ट होत आहेत. जाळ्याच्या आसावर मर्यादा घाला, असा त्यांचा आग्रह होता. परंतु अशा बंदीची झळ गरीब मासेमारांनाच बसणार होती. कायदा झाला तो १८९७मध्ये.

४/ ‘फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ या काळात प्रकाशित झाला. १८८९च्या दोन खंडांत १४००हून अधिक जातींची वर्णने आहेत. त्याच वर्षी डे निवर्तले.

५/ ब्रिटिश म्युझियममधील आल्बर्ट ग्युंथर यांच्याशी त्यांचे वैर होते. म्हणून १८८३मध्ये संग्रहाचा मोठा भाग त्यांनी सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमला विकला. त्यामुळे भारतीय माशांचे कितीतरी मूळ नमुने आजही सिडनीत आहेत.