परग्रहावरील वस्ती आणि ईश्वरश्रद्धा

ईश्वर कोणी पाहिला नाही, तसा परग्रहावरील जीवही कोणी पाहिलेला नाही. मग एकावरील विश्वासाला श्रद्धा आणि दुसऱ्यावरील विश्वासाला विज्ञान का म्हणावे, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना युरोपातील एका जुन्या वादाचे स्मरण आम्हांस उपयुक्त वाटते.

दुर्बिणीमुळे ग्रह हे पृथ्वीसारखेच गोल असल्याचे दिसू लागले, तेव्हा अनेक भाविक विद्वानांनी असा तर्क केला की, ईश्वर काहीही व्यर्थ निर्माण करीत नाही. सबब त्या गोलांवरही वस्ती असलीच पाहिजे. अशा रीतीने परग्रहवासीयांवरील विश्वास ईश्वरश्रद्धेच्याच आधाराने वाढला.

या तर्काला हरकत घेतली तीही एका धर्मोपदेशकानेच. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख विल्यम ह्यूएल यांनी १८५३ मध्ये आपले नाव न देता या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. भूगर्भशास्त्राचा दाखला देऊन त्यांनी विचारले की, पृथ्वीवर मनुष्य अवतरण्यापूर्वी अपार काळ लोटला, तरी ती सृष्टी व्यर्थ ठरत नाही. मग अवकाशाचा मोठा भाग निर्जन असला, तर तो तरी व्यर्थ का मानावा? पुढच्याच वर्षी डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्यांना कडाडून उत्तर दिले. दोघेही निष्ठावंत ख्रिस्ती होते. ईश्वराच्या हेतूवरून ग्रहांवरील वस्तीचे अनुमान काढता येते काय, एवढाच त्यांच्यातील वादाचा मुद्दा होता.

पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी मंगळावरील कथित कालवे हे बुद्धिमान प्राण्यांनी खणले असल्याचे प्रतिपादन केले. १९६५ साली मॅरिनर ४ या यानाने जवळून छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांत विवरे दिसली. कालव्यांचा मागमूस नव्हता. लॉवेल यांचे मत निश्चित होते, म्हणूनच ते खोडता आले. 'विश्वात कोठेतरी जीव असतील' हे विधान मात्र असे खोडता येत नाही. १९९५ पासून सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडू लागले व आज परताऱ्यांभोवतीच्या ज्ञात ग्रहांची संख्या हजारोंच्या घरात आहे. जीव मात्र अद्याप आढळलेला नाही. तेवढ्यापुरते हे विधान श्रद्धेच्या जवळचे आहे. तरीही उद्या एखादा जीव सापडला, तर ते सिद्ध होईल. ईश्वरनिष्ठा अशा कोणत्याही शोधाची वाट पाहत नाही, आणि भाविकाची तशी अपेक्षाही नसते.

म्हणून विद्यार्थ्याला त्याचा कशावर विश्वास आहे, एवढेच विचारून शिक्षकाने थांबू नये. काय आढळले असता तो आपले मत बदलील, हेही विचारावे. ह्यूएल यांनी आपल्याच धर्मबांधवांच्या आवडत्या मताची अशी तपासणी केली. वर्गात सांगण्याजोगे उदाहरण ते हेच.