साखळी, खांब, मुका खांब

चाळिशी उलटल्यावर धाराशिवात आम्ही क्रोशाची सुई प्रथमच हाती धरली. पहिली साखळी इतकी आवळली गेली, की सुई पुन्हा आत शिरेना. 'क्रोशे' हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ, लहान आकडा. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधील अनेक स्त्रियांनी याच आकड्यावर घर चालवले. आपल्याकडे मात्र तो रुमाल-तोरणांच्या हौसेत जमा झाला. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढणाऱ्या रमाबाई रानडे आम्ही वर्गात शिकवतो. पण टाक्यांना 'साखळी', 'खांब', 'मुका खांब' म्हणणाऱ्या स्त्रिया कोण, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. 'मुका खांब' ही प्रतिमा एखाद्या नवकवीची असती, तर तिच्यावर प्रबंध झाले असते! सध्या आम्ही उसवतो आहोत; साखळी अजून घट्टच येते.