पुसलेली ढाल : सर एडवर्ड डेरिंग यांची कुळकथा

वंशावळ हे इतिहासाचे साधन मानले जाते; ती रचलेली संहिताही असते, याचे भान क्वचितच ठेवले जाते. केन्ट परगण्यातील जमीनदार सर एडवर्ड डेरिंग (१५९८–१६४४) यांच्या कुळाचा शोध घेताना मात्र हे भान टाळता येत नाही. या कुळाचे पहिले चिकित्सक संशोधक डेरिंगच होते आणि त्यातील बनावट पुराव्यांचे कर्तेही तेच होते.

तत्कालीन इंग्लंडमध्ये कुळ ही केवळ स्मरणाची बाब नव्हती. १५३० पासून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राजाचे कुलचिन्हाधिकारी परगण्यापरगण्यांतून फिरत आणि कुलचिन्ह मिरवणाऱ्या घराण्यांकडे त्या हक्काचा पुरावा मागत. १६११ मध्ये पहिल्या जेम्सने 'बॅरोनेट' हा नवा किताब काढला, तेव्हा १,०९५ पौंडांचा भरणा आणि वार्षिक हजार पौंडांचे उत्पन्न यांबरोबरच अर्जदाराच्या आजोबांनाही कुलचिन्हाचा अधिकार असावा, अशी अट होती. पैशाने किताब मिळत होता, आजोबा मिळत नव्हते. डेरिंग यांना हा किताब १६२७ मध्ये मिळाला. प्लकलीजवळच्या सरेन्डनशी त्यांच्या घराण्याचे नाते पंधराव्या शतकापासूनचे होते. म्हणजे किताबाच्या अटीपुरते पूर्वज त्यांच्यापाशी होतेच.

तरीही ते तेथे थांबले नाहीत. आपले कुळ नॉर्मन विजयापूर्वीच्या सॅक्सनांपर्यंत नेण्याची त्यांची आकांक्षा होती. प्लकलीच्या चर्चमध्ये त्यांनी कथित पूर्वजांचे पितळी स्मारकपट्ट नव्याने घडवून बसवले. डोव्हरच्या किल्ल्यावर अधिकारी असताना त्यांच्या हाती तेराव्या शतकातील एक चर्मपत्राची गुंडाळी आली. तीवर ३२४ ढाली चितारलेल्या आहेत. त्यांपैकी निकोलस डी क्रिऑल या सरदाराची ढाल खरवडून त्यांनी तेथे 'रिचर्ड फिट्झ डेरिंग' हा काल्पनिक पूर्वज उभा केला. २००८ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने विकत घेतलेली ही गुंडाळी आजही 'डेरिंग रोल' याच नावाने ओळखली जाते. बनावट उघड झाली, पण नाव टिकले.

डेरिंग यांना केवळ लबाड ठरवून हा प्रश्न मिटत नाही. मॅग्ना कार्टाची डोव्हरच्या किल्ल्यातील प्रत १६३० मध्ये सर रॉबर्ट कॉटन यांच्याकडे पाठवणारे तेच होते. १६३८ मध्ये विल्यम डगडेल प्रभृतींसह जुनी साधने गोळा करून परस्परांना खुली ठेवण्याचा करार त्यांनी केला. १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहाच्या दोन प्रती त्यांनी विकत घेतल्या. त्याच सुमारास 'हेन्री चौथा'चे दोन भाग कापूनसांधून त्यांनी एक नाटक सिद्ध केले. शेक्सपिअरच्या नाटकाचे ते आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हस्तलिखित होय. संहिता ही दुरुस्त करण्याजोगी, तीमधील खंड भरून काढण्याजोगी वस्तू आहे, ही धारणा नाटकाच्या संपादनात दिसते आणि वंशावळीच्या बनावटीतही दिसते. या दोन कृतींतील नैतिक अंतर मोठे आहे. हस्तकौशल्य मात्र एकच आहे.

येथेच वाचनपद्धतीचा प्रश्न उभा राहतो. बनावट ढाल खोटी म्हणून बाजूला सारणारा प्रत्यक्षवादी इतिहासकार १६३० च्या दशकातील जमीनदाराचा सर्वांत बोलका पुरावा गमावतो. प्राचीनता हीच अधिकाराची भाषा असलेल्या समाजात आपले अस्तित्व अपुरे वाटण्याची अस्वस्थता त्या ढालीत नोंदली गेली आहे. याउलट, सारेच दस्तऐवज अखेर कथनेच होत, असे मानणाऱ्या समीक्षेला ही ढाल म्हणजे आत्मघडणीचा एक नमुना वाटेल आणि खरे-खोटे हा भेद गौण ठरेल. अशा वाचनात डेरिंग यांची आकांक्षा दिसते, क्रिऑल दिसत नाही. परंतु रिचर्डला जागा मिळाली ती रिकाम्या चर्मपत्रावर नव्हे. एका खऱ्या माणसाची खूण पुसूनच ती मिळाली. वंशावळ संहिता म्हणून वाचावी हे खरे, पण त्या वाचनात खरवडलेल्या जागेचाही हिशेब द्यावा लागतो.