पंचविशीचे पत्र

ऑगस्ट २००८. लोणावळ्यातील एका बंदिस्त घरात, अहोरात्र कॅमेऱ्यांच्या नजरेखाली राहायला आलेल्या सत्तावीस वर्षांच्या एका इंग्रज तरुणीला कळले की, तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आहे. घर ‘बिग बॉस’च्या दुसऱ्या पर्वाचे होते आणि तरुणीचे नाव जेड गुडी. सात महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. पण तेवढ्या काळात, एरवी तपासणीचे पत्र आले की ते बाजूला ठेवणाऱ्या लाखो स्त्रिया इंग्लंडमधील दवाखान्यांत पोहोचल्या. ती लाट कशी उठली, कुठे अडली आणि त्याच सुमारास आपल्या बार्शी-उस्मानाबादकडे काय घडत होते, त्याविषयी. (थ्रेड)

जेड गुडीला आपल्याकडे लोक ओळखत होते ते एका वाईट कारणाने. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये तिने शिल्पा शेट्टीचा वंशद्वेषी शब्दांत पाणउतारा केला होता. नियामक संस्थेकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या आणि ब्रिटिश संसदेतही त्याचे पडसाद उमटले. पुढच्या वर्षी शिल्पा शेट्टीच सूत्रसंचालक असलेल्या भारतीय कार्यक्रमात ती आली, ती काहीशी प्रायश्चित्ताच्या भावनेने. भारतात येण्यापूर्वी केलेल्या तपासण्यांचा निष्कर्ष तिला इथे असताना कळला आणि ती तातडीने लंडनला परतली.

तिच्या आजाराची कहाणी ‘तपासणीच झाली नव्हती’ इतकी सोपी नाही. किशोरवयापासून तिच्या चाचण्यांत दोष आढळले होते आणि त्यांवर उपचारही झाले होते. मात्र पुढच्या एका पत्राकडे आपण भीतीपोटी दुर्लक्ष केले, असे तिने सांगितल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आले होते. ‘पत्र’ हा शब्द लक्षात ठेवावा. इंग्लंडमध्ये या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे घरी येणारे एक पत्र आहे.

ही तपासणी आली कुठून? जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीक वैद्य न्यूयॉर्कमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहत असे. योनिस्रावाच्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्याने १९२८ मध्ये मांडले. रुमानियात ऑरेल बाबेश जवळपास त्याच वेळी, स्वतंत्रपणे, तिथवर पोहोचला होता. दोघांकडेही तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९४० च्या दशकात पापानिकोलाऊने हर्बर्ट ट्राउटबरोबर हे काम पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा ‘पॅप चाचणी’ रूढ झाली. तिची खरी किमया अशी की, ती आजाराच्या आधीची पायरी दाखवते. पेशी बिघडू लागल्या आहेत पण कर्करोग अजून झालेला नाही, असा पुष्कळदा काही वर्षांचा अवधी मिळतो आणि त्या अवधीत साध्या उपचाराने धोका टळू शकतो.

म्हणूनच ही तपासणी मागावी लागते ती ठणठणीत माणसाकडे. काही दुखत नाही, काही खुपत नाही, अशा स्त्रीने वेळ काढावा, संकोच गिळावा आणि जो आजार झालेला नाही त्याच्यासाठी परीक्षण-मेजावर झोपावे. पन्नाशीच्या स्त्रीला हे पटवणे अवघड आहेच. ज्या वयात मरण ही दुसऱ्याची गोष्ट वाटते, त्या वयात ते अधिकच अवघड.

ब्रिटनमध्ये १९६४ पासून ही तपासणी सुरू झाली, पण कुणाला बोलवायचे याला धरबंध नव्हता. जी आली तिची होई आणि जिला सर्वाधिक धोका ती येतच नसे. १९८८ मध्ये संगणकावर याद्या तयार झाल्या आणि वयाची विसाव्या वर्षापासून चौसष्टाव्या वर्षापर्यंतची प्रत्येक नोंदणीकृत स्त्री ठरावीक अंतराने बोलावली जाऊ लागली. एका यादीने आणि टपालाच्या तिकिटाने जे साधले, ते त्याआधीच्या चोवीस वर्षांत साधले नव्हते. वैद्यकाच्या इतिहासात उपकरणांचे कौतुक फार होते, कारकुनीचे होत नाही.

ज्युलियन पेटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक हिशेब मांडला. ही तपासणी नसती, तर १९५० नंतर जन्मलेल्या ब्रिटिश स्त्रियांपैकी सुमारे पासष्टांत एक या कर्करोगाने दगावली असती. १९६० च्या दशकात तरुणांचे जीवन बदलले, लैंगिक संबंधांचे वय आणि रीत बदलली आणि त्याबरोबर एचपीव्ही या विषाणूचा प्रसारही वाढला. या कर्करोगाच्या मुळाशी हाच विषाणू असतो. त्या पिढीवर येऊ घातलेली साथ आली नाही आणि न आलेल्या साथीची आठवण कुणाला राहत नाही. तिच्या मुली मोठ्या झाल्या तेव्हा हा आजार त्यांच्या भोवतालातून जवळपास दिसेनासा झाला होता. पत्र येई, पण त्यामागची भीती उरली नव्हती. नव्या शतकाच्या आरंभी हजेरीत सर्वांत मागे असलेला गट विशी-तिशीतलाच होता.

त्यातच २००३ मध्ये इंग्लंडने एक निर्णय घेतला. पहिले पत्र विसाव्या वर्षाऐवजी पंचविसाव्या वर्षी जाईल. कारण वैद्यकीय होते. विशीच्या पूर्वार्धात एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सामान्य असतो. त्यातून पेशींत होणारे बदल बहुतेक वेळा आपोआप नाहीसे होतात. तपासणी केली की ते बदल सापडतात, सापडले की उपचार होतात आणि गर्भाशयमुखाचा भाग काढून टाकला की पुढे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढू शकतो. जो आजार झालाच नसता, त्याच्या उपचाराची किंमत पुढे येणाऱ्या बाळाने मोजायची. तर्क पक्का होता, पण घरोघरी पोहोचवणे कठीण. स्कॉटलंड आणि वेल्सने तेव्हा विसाव्या वर्षाची मर्यादा तशीच ठेवली. त्यामुळे सीमेच्या अलीकडे ‘अजून लवकर आहे’ आणि पलीकडे ‘वेळ झाली’, असे चित्र काही वर्षे दिसत राहिले.

या पार्श्वभूमीवर जेड गुडीचे आजारपण आले. फेब्रुवारी २००९ मध्ये आजार आटोक्याबाहेर गेल्याचे स्पष्ट झाले. तिने लग्न केले, समारंभाच्या छायाचित्रांचे हक्क विकले आणि हे पैसे आपल्या दोन लहान मुलांसाठी आहेत, असे उघडपणे सांगितले. प्रतिष्ठित मंडळींना हे सवंग वाटले. पण केस गळालेले डोके झाकण्याचा आटापिटा न करता ती कॅमेऱ्यासमोर वावरत होती आणि तिच्याच वयाच्या, तिच्याच वर्गातल्या मुली ते पाहत होत्या. कोणत्याही सरकारी पत्रकाला जे जमले नव्हते, ते या दृश्यांनी केले. २२ मार्च २००९ रोजी ती गेली. तो ब्रिटनमधला मातृदिन होता.

पुढे इंग्लंडच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा २००८ च्या मध्यापासून २००९ च्या मध्यापर्यंत अपेक्षेपेक्षा चार लाखांहून अधिक जादा तपासण्या झाल्याचे आढळले. तिच्या मृत्यूच्या महिन्यात हजेरी अपेक्षित संख्येच्या सत्तर टक्के वर गेली होती. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत वाढ अधिक होती आणि आलेल्यांत, आपली वेळ केव्हाच टळून गेली आहे अशांचा भरणा मोठा होता. पत्र दुर्लक्षित ठेवणाऱ्याच परत आल्या, ही त्यातली मोलाची गोष्ट.

पण लाट एका दारावर आपटली. पंचविशीच्या आतील मुलींनाही तपासणी हवी होती आणि त्यांना परत पाठवले जात होते. वय पुन्हा विसावर आणावे, अशी मागणी वृत्तपत्रांनी लावून धरली. सरकारने सल्लागार समितीकडे प्रश्न सोपवला आणि समितीने पंचविशीची मर्यादा कायम ठेवली. त्याच वर्षी पीटर सॅसिएनी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. विशी ते चोविशीत केलेल्या तपासणीमुळे तिशीच्या आतील कर्करोग कमी झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. जेड गुडीचे उदाहरण देऊन वय खाली आणा म्हणणारे एक गोष्ट विसरत होते. तिची तपासणी तर विशीच्याही आधी झाली होती. साखळी तुटली होती ती पुढे कुठेतरी, एका न उघडलेल्या धाडसापाशी.

तरीही त्या मुलींची बाजू क्षुल्लक म्हणता येत नाही. बावीस वर्षांच्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदाच या तपासणीची गरज पटली आणि व्यवस्थेने तिला सांगितले, तीन वर्षांनी ये. उत्तर बरोबर होते. पण तीन वर्षांनी पत्र जाईल तेव्हा तिची निकड टिकून असेल, याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. झालेही तसेच. भीतीने उठलेली लाट ओसरली आणि पुढच्या काही वर्षांत तरुण स्त्रियांची हजेरी पुन्हा घसरली. स्कॉटलंड आणि वेल्सनेही पुढे पंचविशीच स्वीकारली.

आता बार्शी. जेड गुडीच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आत, एप्रिल २००९ च्या आरंभी, एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात उस्मानाबाद जिल्ह्यातील (आजचे धाराशिव) एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांची नोंद केली होती. गावांचे चार गट होते. तीन गटांत प्रत्येकी एक वेगळी तपासणी आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. ज्या गटात एचपीव्हीची तपासणी आयुष्यात फक्त एकदा झाली, तिथे आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटात ६४. (त्या चौथ्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे नैतिकतेचा वाद झाला आणि तो वाद रास्त होता.)

याहून कमी चर्चा झालेली बाब हजेरीची. बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे चार पंचमांश आल्या. गावांत टपालाने पत्रे जात नव्हती. गेली असती तरी अनेकींना ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली असती. आरोग्यसेविका घरी जाऊन समजावत आणि दोष आढळला तर उपचार मोफत होता. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती, त्यामुळे गावोगाव फिरणारी माणसे लोकांच्या ओळखीची झाली होती. शिकलेल्या लंडनच्या मुलीने पत्र बाजूला ठेवावे आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईने खाडा करून यावे, हे ‘जागरूकते’च्या नेहमीच्या मांडणीत बसत नाही. बोलावणारे कोण आहे आणि पुढची वाट दिसते का, याला शिक्षणापेक्षा अधिक वजन असावे.

इकडे ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००८ मध्ये, जेड गुडी उपचार घेत असतानाच, बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शाळेत एचपीव्हीची लस देणे सुरू झाले. त्या मुली पंचविशीला पोहोचल्या त्या करोनाच्या काळात. त्यांच्यात हा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२१ मधील अभ्यासाने दाखवले. मग तपासणी कशाला, हा प्रश्न त्यांनी विचारणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की, त्यांना मिळालेली लस विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांवर होती. सुमारे सत्तर टक्के कर्करोग त्या दोहोंमुळे होतात, उरलेले इतर प्रकारांमुळे. जुलै २०२५ पासून इंग्लंडमध्ये विषाणू न आढळलेल्या पंचवीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना तीनऐवजी पाच वर्षांनी बोलावले जाते. पत्रे विरळ झाली, म्हणजे प्रत्येक पत्राचे वजन वाढले.

भारतात सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी तिसाव्या वर्षापासून, दर पाच वर्षांनी अपेक्षित आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १.९ टक्के स्त्रियांनी ती कधीतरी करून घेतल्याचे सांगितले. उस्मानाबादची चाचणी सुरू असताना तिथे जन्मलेल्या मुली आज पंचविशीच्या आसपास आहेत. तिशी गाठायला त्यांना अजून चार-पाच वर्षे आहेत आणि त्या वेळी त्यांना बोलवायला त्यांच्या घरी कोण जाणार आहे, हे अजून ठरलेले नाही.